येते म्हणून

खटका पुन्हा सुटला. पितळेचा, करंगळीच्या पेराएवढा, कुत्र्याच्या पट्ट्यात साखळी अडकवायचा खटका. अंगठ्यानं दाबला की तोंड उघडतो, सोडला की मिटतो. हा मात्र मिटताना केसभर उघडाच राहायचा आणि प्रेमा मघापासून त्याला दाबत-सोडत बसली होती... बसली कुठली, उभीच होती, बिल्डिंगच्या फाटकाशी, रविवारच्या उन्हात, पायाशी बंड्या आणि हाताला सुक्या बोंबलाचा वास. कट्. कट्. आई इथं असती तर ओरडली असती, वाजवू नको गो, घरात भांडणां लागतत. लागू देत की एकदाची! भांडण लागलं तर निदान तोंडं तरी उघडतील. कट्. बंड्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि जांभई दिली.

सकाळचा तमाशा तिच्या डोक्यातून जात नव्हता. दूध आणायला निघाली, चपला घातल्या, कडी काढली आणि आत बघून म्हणाली, “येते गं आई—” झालं! मोरीपाशी साधूसारखा पडलेला हा प्राणी उठला काय, तिच्या निऱ्यांतून घुसला काय आणि दारातून बाहेर! खालच्या मजल्यावर जयंतीभाईंच्या उंबऱ्यात दुधाची पिशवी, तिच्यावर पाय, दुधाचा फवारा भिंतीवर... ती एका हातानं निऱ्या धरून मागून धावतेय आणि जयंतीभाई बनियनवर दारात उभे. “प्रेमाबेन, असा नाय चालेल हां. आज दूध हाय, उद्या कोनाचा पोरगा असेल.” बरोबरच होतं त्यांचं, काय बोलणार? तिनं येताना त्यांनाही दूध आणून दिलं.

आणि हे रोजचंच होतं. एरवी बंड्या गुणाचा. आयाळ अल्सेशियनची, शेपूट रस्त्यावरची, डोळे कुणा सज्जन मास्तराचे. पण घरातलं कुणी बाहेर पडायला निघालं की त्याच्या अंगात येई. फाटकाबाहेर आग्रा रोड, चेकनाक्याकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग. मागे आई भाजीला निघाली तेव्हा तो असाच उसळला, आई जिन्याच्या कठड्यावर आपटली, मनगटाचं प्लास्टर आत्ता कुठं निघालंय. तरी बंड्याला कुणाला देऊन टाकू म्हटलं की आईचं एकच. “लवूचो कुत्रो तो. लवू इलो काय तेका काय सांगू?” लवू म्हणजे प्रेमाचा धाकटा भाऊ, मस्कतला गेलेला. पहिल्या वर्षी टेपरेकॉर्डर आला, दुसऱ्या वर्षी घोंगडीएवढा टॉवेल, मग नुसती पत्रं, आणि हल्ली पत्रांचंही काही खरं नव्हतं.

प्रेमाला जायचं होतं. हे वाक्य ती मनातल्या मनातसुद्धा पुरं म्हणत नसे, अर्ध्यावर सोडून देई. नागपूरला... श्यामसुंदरबरोबर... लग्न करून. तिच्याच ऑफिसातला माणूस. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, बोलायला हळू, डबा खाताना पहिला घास कावळ्याला टाकणारा. त्याची बदली आली होती आणि त्यानं कँटीनमध्ये बशीत चहा ओतता ओतता विचारलं होतं, आणि ती हो म्हणाली होती. या वयात, इतक्या चटकन, की तिची तिलाच लाज वाटली. आता तो रोज विचारी, “आईंना सांगितलंस?” ती म्हणे, “बंड्याचं एकदा मार्गी लागू दे.” त्यावर तो हसला होता, “लोकांचं लग्न बहिणीपायी अडतं, तुझं कुत्र्यापायी!” हसू दे. त्याला काय कळतंय? बंड्या सुधारला तर आई त्याला एकटी सांभाळील, आई एकटी राहू शकली तर मी... तर मी काय? तर मी सांगू शकीन. बंड्या सुधारलाच नाही तर? तर सांगायला नको. कधीकधी रात्री अंथरुणावर तिला वाटे, हे दुसरंच आपल्याला हवं आहे की काय, आणि मग ती कूस बदलून घेई.

तेवढ्यात लुनाचा फटफटाट करीत बंड्याला शिकवणारे हरेश्वरमास्तर आले. खाकी हाफपँट, गळ्यात शिट्टी, डोळ्यांवर गॉगल, हँडलला पिशवी आणि पिशवीत सुक्या बोंबलाच्या तुकड्यांचा डबा. खारदांड्याचे कोळी, बाप-भाऊ अजून होडीवर, हे एकटेच कुत्र्यांकडे वळलेले. “ती बिस्किटंफिस्किटं गेली खड्ड्यात, मॅडम. बोंबलाच्या तुकड्यावर आपण वाघपण बसवून दाखवू.” जुहूला कुण्या नटीचे दोन कुत्रे यांनी असे तयार केले होते म्हणे, की ते पाहुण्यांची तोंडं बघून भुंकायचं की नाही ते ठरवत. बढाईखोर माणूस! पण पैसे चोख वाजवून घेत आणि वेळेला येत... आज तेवढा उशीर झाला होता.

“आज पण पळाला?” त्यांनी बंड्याकडे बघूनच ओळखलं. बंड्याच्या मिशांना दूध लागलं होतं. “मी बोललो ना तुमाला, याच्या रक्तातच हाय. आई कोण, बाप कोण, पत्ता नाय. आणि दुसरी गोष्ट, राग नका मानू, तुमच्या आवाजात दम नाय. तुम्ही थांब बोलता, त्याला वाटतं विचारताय, थांबतोस का रे बाबा.”

“मग काय ओरडू?”

“ओरडायचं नाय. ठरवायचं. तुम्ही आधी ठरवा, मग बोला. कुत्र्याला सगळं कळतं, तुमचं ठरलंय का नाय ते.”

प्रेमानं खटका जोरात दाबला. ठरवा म्हणे!

पाच रस्त्याच्या चौकापर्यंत ती चालत गेली, बंड्या डाव्या पायाला चिकटून, मास्तर मागून लुना ढकलत. महिना होत आला या फेऱ्यांना. आधी बिल्डिंगमागचं मैदान, मग गल्ली, मग बाजाराची कड. “घरात तर कोण पण शहाणा असतो,” मास्तर म्हणत, “बाहेर काढा, मग समजतं.” आज सगळ्यात कठीण धडा होता. बंड्याला भर रस्त्याकडेला ‘थांब’ म्हणून बसवायचं आणि आपण दिसेनासं व्हायचं. त्यासाठी मास्तरांनी वेळही हुशारीनं निवडली होती. रविवारी सकाळी टीव्हीवर ती पौराणिक मालिका लागली की मुलुंडचे रस्ते ओस पडत. कुत्र्यालासुद्धा चुकल्यासारखं होई. बंद दुकानं, उभ्या रिक्षा, आणि खिडक्याखिडक्यांतून एकाच वेळी येणारा शंखाचा आवाज.

तिनं बंड्याला पोस्टाच्या पेटीजवळ बसवला. साखळी काढली. तळवा त्याच्या नाकासमोर धरला — “थांब.” आणि वळली. पाठ फिरवली की मानेवर काहीतरी चढतं, नेहमीचं. मागं बघावंसं वाटतं, मास्तरांनी सांगितलंय, बघायचं नाही, बघितलं की तुमचं ठरलेलं नाही हे त्याला कळतं... चाल, प्रेमा. रस्ता ओलांड. कापडाच्या दुकानाचा कोपरा, खांब, खांबामागं हो. एका उभ्या स्कूटरच्या आरशात ती वाकून बघू लागली. एवढासा बंड्या, एवढीशी लाल पेटी. तो बसला होता. कान टवकारलेले, पण बसला होता! एक रिकामी बस गेली. बसलेलाच. मास्तरांनी लांबून अंगठा दाखवला आणि ती परत गेली, बोंबलाचा तुकडा दिला, पुन्हा तेच केलं, आणि पुन्हा तो बसून राहिला. “झकास!” मास्तर ओरडले.

तिसऱ्यांदा खांबामागं उभी राहताना प्रेमानं खांब घट्ट धरला. म्हणजे होतंय! म्हणजे होणारच आहे हे. आज जेवताना सांगून टाकू. आई, मी असं असं ठरवलंय... नको, आधी जेवू दे तिला. चहाच्या वेळी. का हात धुताना, पाठमोरी असताना? काय विचित्र आहे मी, आनंद व्हायला पाहिजे तर घाम फुटतोय. आरशात बंड्या बसला होता, इतका शहाणा, इतका एकटा, की तिला बघवेना.

आणि मालिका संपली. एकदम दारं उघडली, पोरं रस्त्यावर सांडली, कुणी पिशव्या घेऊन, कुणी सायकली घेऊन. त्यातच सुगंधा — शाळेत एका बाकावर बसणारी, आता दोन गल्ल्या पलीकडे राहणारी — मासळीची पिशवी हलवीत खांबाजवळ येऊन उभी.

“काय गं प्रेमा, खांबामागं काय करतेस चोरासारखी?”

“कुत्रा शिकवतेय.”

“कुत्रा तिकडे, तू इकडे! शिकतंय कोण?” सुगंधा खो खो हसली. “बरं चल, पापलेटं संपतील नाहीतर. घरी ये कधीतरी... मीच येते गं, येते!”

सुगंधाचा आवाज मूळचाच खणखणीत. तो रस्ता ओलांडून गेला असावा, कारण आरशातली लाल पेटी एकाएकी एकटी पडली. मग रिक्षाचा ब्रेक. मग कुणाची तरी शिवी, मास्तरांची शिट्टी, आणि प्रेमा खांबामागून बाहेर पडेपर्यंत बंड्या सायकली, पोरं, रिक्षा सगळ्यांतून थेट आला होता. तिच्याकडे नाही. सुगंधाकडे! सुगंधासमोर पाय जुळवून, छाती काढून, नेटका बसला आणि जीभ बाहेर टाकून तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

“अगं बाई! मला काय ओळखतो हा?” सुगंधा म्हणाली.

प्रेमा नुसती बघत राहिली. पळून आलेलं कुत्रं असं बसत नाही. पळून आलेलं कुत्रं शेपूट घालतं, नजर चुकवतं. हा तर शाबासकी मागत होता... येऊन, समोर बसून. आणि असं बसायला त्याला एकाच माणसानं शिकवलं होतं. गच्ची. वाळत घातलेले पापड. लवू उकिडवा बसलेला, जमिनीवर हात आपटतोय, “ये! ये! ये!”, आणि हातभर लांबीचं पिल्लू पापडांवरून धावत येऊन त्याच्यासमोर बूड टेकतंय. लवू गेल्यावर घरात त्याला ‘ये’ असं कुणीच म्हणालं नव्हतं. बंड्या, बंड्या अशाच हाका. मास्तरांची तर शिट्टीच. हा शब्द त्याला येतो हेच सगळे विसरून गेले होते.

आणि म्हणत तर सगळेच होते. रोज!

येते गं आई. येतंय हां प्रेमा. येतो काकू. कडी काढायची, ‘ये’ म्हणायचं, तो जिवाच्या आकांतानं धावत आला की त्याच्या अंगावर ओरडायचं आणि दार लावून घ्यायचं. देवा रे! एवढंच कशाला, सकाळी आई मोरीत वाकून विचारते, “पाणी येतंय काय गो?”, की हा उठून नळापाशी जाऊन बसतो, आणि आम्ही चारचौघांत कौतुक सांगतो, आमच्या बंड्याला पाण्याची वेळ कळते! लवू गेला त्या दिवशी तर आम्ही आधी राहायचो त्या चाळीतली माणसंसुद्धा पोचवायला आली होती. टॅक्सीत बसताना लवू एकेकाला म्हणत होता, येतो आई, येतो ताई, येतो हां, येतो... आणि बंड्या टॅक्सीमागं धावला तो पार भांडुपपर्यंत. मीच त्याला दोरी बांधून आणला. वाटभर त्याला बोलत होते, गाढवा, तुला कुणी बोलावलं होतं? आणि त्याला बोलावलं होतं. एवढ्या सगळ्यांत त्यालाच तेवढं खरं बोलावलं होतं.

“मेला असता आता!” मास्तर धापा टाकत आले. “बघितलंत? रक्त, मॅडम, रक्त. मी बोललो होतो.”

“रक्त नाही,” प्रेमा म्हणाली. “तो ऐकतोय. मास्तर, तो सगळ्यांत जास्त ऐकतोय.” आणि तिनं सांगितलं. सांगताना तिचा आवाज इतका चढला की दोन पोरं थांबून बघू लागली. मास्तरांना आधी पटेना, मग ते चार पावलं मागं गेले आणि हळूच म्हणाले, “येतो.” बंड्या उठला, गेला, त्यांच्यासमोर बसला. मास्तरांनी गॉगल काढला.

“च्यायला... सॉरी मॅडम. हे मी धरलंच नव्हतं.” मग लगेच हुशारी परत आली. “तर मग झालं की! सोपं काम. ‘ये’ त्याच्या हाडात मुरलाय, तो काढायला सहा महिने जातील. त्यापेक्षा तुम्ही बदला. निघताना सरळ बोला, जाते.”

प्रेमा साखळीचा खटका दाबत-सोडत राहिली.

“काय झालं?”

“तुमच्या घरी म्हणतात?”

मास्तरांनी गॉगल शर्टाला पुसला, पुन्हा पुसला. “आमच्यात? आमच्यात तर होडीवर निघालेल्या माणसाला मागून हाक पण मारत नाय, बाय.” ते पहिल्यांदाच तिला बाय म्हणाले. “पण कुत्र्यासाठी बोलायला काय? मनात नसलं म्हणजे झालं.”

मनात नसलं म्हणजे झालं. ती परतीच्या वाटेवर हेच घोळवत राहिली. उन्हं चढली होती, पाय भराभर पडत होते, बंड्याला तिच्याबरोबर राहायला दुडकावं लागत होतं. मनात नसलं म्हणजे झालं! आणि असलं म्हणजे? ऑफिसला जाताना, भाजीला जाताना म्हणायचं, ‘जाते’, आणि ते खोटं. आणि एक दिवस तेच खरं. आईला रोज थोडं थोडं पाजायचं, सवय होईल. छी! काय विचार करतेय मी. पण मग सांगायची गरजच उरणार नाही, नाही का... शब्दच काम करील. तिला स्वतःची किळस आली आणि त्याच क्षणी हलकंही वाटलं. दोन्ही एकदम कसं वाटतं माणसाला?

मास्तर वर आले, कारण आईलाही शिकवणं भाग होतं. शेवंती — प्रेमाची आई — कोकमं निवडत बसली होती. बऱ्या हातानं निवडायची, दुखऱ्या हातानं ताट धरायची. मास्तरांनी तिला मावशी-मावशी करीत सगळं समजावलं, पाण्याचा नळ, टॅक्सी, सुगंधा. नळाचं ऐकून ती हसली, बंड्याच्या डोक्यावर टपली मारून म्हणाली, “मेल्या, म्हणान तू मोरीत येतस!” मग मास्तर ‘जाते’ वर आले आणि तिचं हसू गेलं.

“जातंय म्हणान कोण घरातसून भायर पडता?”

“कुत्र्यासाठी, मावशी. नायतर तो एक दिवस ट्रकखाली जाईल. नाय तर तुम्ही जिन्यावरून.”

“लवू ‘येतंय’ म्हणान गेलो,” शेवंती कोकमांकडे बघत म्हणाली, “म्हणान तरी येतलो.”

मास्तरांनी ताटाबाहेर पडलेलं एक कोकम उचलून ताटात ठेवलं. मग ते म्हणाले, “एकदा करून तरी बघू. मॅडम, तुम्ही जा दाराबाहेर. कडी काढा, रोजच्यासारखं. आणि बोला.”

प्रेमानं चपला घातल्या. पिशवी घेतली, रिकामीच. नाटक होतं हे, शुद्ध नाटक. कडी काढली. बंड्या मोरीपाशी मान वर करून वाट बघत होता, सगळ्या अंगानं तयार. तिनं आईकडे पाहायचं टाळलं. ‘तुम्ही आधी ठरवा, मग बोला’... गप्प बसा हो मास्तर! उंबऱ्यापलीकडे एक पाय, अलीकडे एक. तिनं म्हटलं, “जाते.”

बंड्या हलला नाही.

“झकास!” मास्तर कुजबुजले. “आणखी एकदा. जरा मोठ्यानं.”

“जाते मी.”

‘मी’ कुठून आला? कुणी सांगितला होता? बंड्यानं डोकं पंजावर टेकलं. कोकमं निवडायचं थांबलं होतं. शेवंती तिच्याकडे बघत होती; रागानं नाही, रडूनही नाही. ताप आलेल्या पोराचं कपाळ हातानं बघतात तसं, नीट, वेळ घेऊन.

“प्रेमा,” ती म्हणाली, “ह्यां कुत्र्याक सांगतंस, काय माका?”

मास्तर हसले, मग दोघींकडे पाहिलं आणि शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळू लागले. प्रेमाला वाटलं, आता धरणी दुभंगेल, आता मी रडेन, आता मी म्हणेन, काहीतरीच काय आई, कुत्र्याला! जिभेवर तयार होतं ते वाक्य. पण ते बाहेर येईना आणि दुसरंही येईना. आणि नवल म्हणजे इतके दिवस छातीत जे धडधडत होतं, ते थांबलंच होतं. भीती नव्हती. आईनं ओळखलंय, कदाचित आजच नव्हे, केव्हाचंच. म्हणजे आता फक्त उत्तर द्यायचं राहिलं होतं. एवढं सोपं झालं होतं सगळं. कुत्रा जागेवर होता, दार उघडं होतं, बाहेर जिना होता.

ती बंड्याकडे बघत राहिली. एकदा, एकदाच तिनं त्याच्या डोळ्यांत डोळे घातले. ऊठ ना रे. उधळ. घूस निऱ्यांतून, पाड मला, सांड कुणाचं तरी दूध, म्हणजे आम्ही सगळे तुझ्यावर ओरडू आणि हे राहून जाईल. तो मात्र शेपटीचं टोक फरशीवर आपटत, शिकवल्याप्रमाणे, जागचा न हलता तिच्याकडे बघत राहिला. आणि महिनाभर ज्यासाठी जीव टाकला होता, त्या त्याच्या शहाणपणाचा प्रेमाला असा राग आला, असा राग आला, की उंबऱ्यातला पाय तिला आत घेता येईना, बाहेरही टाकता येईना.